सरजाच्या ओटीतले मूग

१४ जुलै

सरजाबाईस कडूबाईचा रामराम, आणि तुझ्या घरी सगळ्यांना जयभीम.

हे मी सांगायली आणि माझ्या भागवतची पोरगी अपेक्षा लिहायली. मला अंगठ्यापलीकडं काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आता तर रेशनवाल्याच्या यंत्रात अंगठाही उमटत नाही. तो म्हणतो, आजी, रेघा झिजल्या. म्हटलं, पन्नास वर्षं भाकरी थापून बघ, तुझ्या राहतात का. पोरगी माझ्या ‘हाय’चं ‘आहे’ करते, ‘न्हाई’चं ‘नाही’. म्हणते, कागदावर बरं दिसत नाही. तू ऐकताना परत आपलं ‘हाय’ करून घे. कुणाचं बोलणं असलं तर मात्र जसंच्या तसं लिही, असं तिला बजावलं आहे.

तुला वाचून दाखवणारी तुझी नात संघप्रिया असणार. ह्या दोघी परभणीला वक्तृत्व स्पर्धेत भेटल्या. बक्षीस दोघींनाही नाही, पण गाव एकच निघालं. तिथून पत्ता आला. वाचणाऱ्या पोरी, जरा जोरात वाच. तुझ्या आजीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि ऐकायचं नसलं की उजव्यानंही.

फोन मी एकदा केला होता, दोन वर्षांखाली. “कोन?” म्हणालीस. मी नाव सांगितलं आणि तू फोन ठेवला. कागदाला तसं करता येत नाही. फाडता येतं. पण तू फुटकी बरणी कधी टाकली नाहीस, तू कागद काय फाडशील.

आता निमित्त सांगते. अपेक्षा बारावीला आहे, चुडाव्याहून रेल्वेनं पूर्णेला जाते. तिच्या इंग्रजीच्या महारुद्र सरांनी एक शब्द दिला, सस्पिशियसली. माझी जीभ त्याच्या अर्ध्यात बसून घेते. अर्थ विचारला तर म्हणाली, संशयानं. मग एवढं लांबड कशाला, म्हटलं. तर म्हणे हे क्रियाविशेषण आहे. काम काय केलं ते सांगत नाही, कसं केलं ते सांगतं. सरांनी पाच वाक्यं करून आणायला लावली, आणि ती पुस्तकातली नकोत, घरातली पाहिजेत.

मी पहिलं दिलं, मांजर दुधाकडं सस्पिशियसली बघतं. सरांनी काट मारली. म्हणाले, हा संशय नाही, ही हाव. दुसरं, माझी सून मी केलेल्या चहाकडं तसं बघते. बरोबर आलं. तिसरं, भागवत आज उपवास आहे म्हणाला की मी त्याच्या मिशीकडं तसं बघते. तेही बरोबर. चौथं, म्हातारी बाई नुसतीच लुगडी हाताळायला लागली की कापडवाला तिच्याकडं तसं बघतो. सर हसले म्हणे. पाचव्याला मी अडकले. म्हणजे सुचलं होतं. सांगितलं नाही.

सरजा, सतरा वर्षं झाली. मूग तोडणीला बांधावर जे झालं ते झालं. दिनकरभावजींचा स्वभाव तुला ठाऊक. ते बोलून गेले, त्यांचं काय मनावर घ्यायचं. तुम्ही त्या दिवाळीला परभणी गाठली, ते पुन्हा गावाकडं तोंड केलं नाही.

यंदा मूग बरा आहे. तोडणीला ये. काम करू नको, बांधावर नुसती बस, मी शेजारी बसते. आपल्या दोघींत मिळून चार गुडघे, त्यातला एक चांगला. तो माझा आहे, पण वापरू देईन.

२ ऑगस्ट

सरजाबाईस रामराम.

तुझं उत्तर नाही. पण संघप्रियानं अपेक्षाला मोबाईलवर कळवलं. आजीनं पत्र ऐकलं, म्हणे, आणि म्हणाली, “दिनकररावावर ढकलायली व्हय अजून.” एवढं बोलून तू तांदूळ निवडत बसलीस.

बरं. पाचवं वाक्य सांगते. कडूबाईनं सरजाबाईच्या ओटीकडं सस्पिशियसली बघितलं.

हे लिहून अपेक्षानं पेन उचललं आणि माझ्याकडं बघितलं. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आता बायका शेंगा तोडायला बादल्या आणतात. तेव्हा पदराची ओटी बांधायचो, ती भरली की बांधावरच्या ताडपत्रीवर रिकामी करायची. दिवस मावळायला शेवटची ओटी रिकामी केली की प्रत्येक बाई आपण होऊन पदर दोनदा झाडायची. मालकानं बघावं, की काही राहिलं नाही. पण कुणी ‘झाड’ असं म्हणायचं नाही. न म्हणता झाडणं ही रीत, आणि म्हणून झाडून घेणं म्हणजे चोर म्हणणं. सगळ्या हसत-खिदळत झाडायच्या, माझीच ओटी बघा, तिच्यात काय आहे बघा, असं करत.

सरजाचं वेगळं होतं. सरजा बायका गोळा करून आणायची, ओळी लावून द्यायची. दुसऱ्यांच्या ओट्या रिकाम्या करून घेणारी तीच. तिनं आपला पदर झाडला का नाही, हे तीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी दिनकरभावजी बांधावर आले. शेत तेव्हा एकत्र होतं, कारभार त्यांचा. तुझ्या कमरेला काहीतरी फुगलेलं होतं. ते मला म्हणाले, “वैनी, आज वट्या बघितल्या का समद्यांच्या?” एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही.

मग ‘झाड’ कोण म्हणालं? मी म्हणाले. “सरजा, झाड.” हाक मारावी तशी मोठ्यानं, आणि नऊ बायकांनी मान वळवली.

तू माझ्याकडं बघितलंस. मग ओटी सोडलीस आणि कमरेचं गाठोडं ताडपत्रीवर पडलं. गाठ तूच सोडलीस. आत दोन ओंजळी मूग. सुलाबाई म्हणाली, घरात घुसली की काय ही. तू मूग शेंगांवर ओतलेस, फडकं झाडलंस, चार घड्या घातल्यास, माझ्या पायाशी ठेवलंस आणि चालू लागलीस. मजुरीलाही थांबली नाहीस.

अपेक्षानं दोन प्रश्न विचारले. पोरीला शिकवलं ते चुकलंच. पहिला असा, “आज्जी, सुलाबाईच्या कमरेला फुगलेलं असतं तर तिला झाड म्हनली असतीस का?” सुलाबाई आमच्या भावकीतली. ह्या प्रश्नावर मी पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी पोरगी तशीच बसलेली.

नसते म्हणाले. लिही.

दुसरा प्रश्न, तोडायला आलेल्या बाईकडं शेंगा सापडल्या असत्या, हे बडवून काढलेले मूग शेतात कुठून आले? म्हटलं, आता थकले, दिवा लाव, आज पुरे.

१९ ऑगस्ट

सरजाबाईस रामराम.

पुन्हा उत्तर नाही, पुन्हा निरोप. “निम्मंच सांगायली,” असं म्हणालीस म्हणे. आणि संघप्रियानं खाली लिहिलं होतं की आजी निम्मं म्हणाली तरी पत्र दोनदा वाचायला लावलं. हे तुला न विचारता लिहिलं असेल, तर पोरीला रागावू नको.

उरलेलं निम्मं सांगते. ते मूग मीच दिले होते.

अपेक्षा लिहायची थांबली आहे. लिही माय. तुझी आज्जी आहे, बघायला मिळते तोवर बघून घे.

तुझ्या पप्पूची बायको बाळंत होऊन चार दिवस झाले होते. वाचणाऱ्या पोरी, ती बाळंतीण म्हणजे तुझी आई, आणि बाळ म्हणजे तू. नव्या मुगाचं वरण बाळंतिणीला, ही आपल्याकडची रीत. पहिल्या तोडणीचे मूग मी थोडे बडवून ठेवले होते. सरजा सकाळी बायका आल्याचं सांगायला परसात आली, तेव्हा माझ्याच जुन्या हिरव्या लुगड्याचं फडकं फाडून त्यात दोन ओंजळी बांधले आणि तिच्या कमरेला मीच खोवले. नको म्हणत होती. संध्याकाळी नेते म्हणत होती. मी म्हटलं, संध्याकाळी घरात माणसं असतात.

म्हणजे बघ, लपवायचं मला होतं. तिला नव्हतं.

बाळंतिणीला दिलेलं बोलून दाखवू नये म्हणतात, दृष्ट लागते. सतरा वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की म्हणून मी बांधावर गप्प राहिले. हे खोटं आहे. त्या घडीला मला बाळंतीणही आठवली नव्हती आणि दृष्टही.

मला आठवली ती रानाची वाटणी, अजून व्हायची होती. अपेक्षाचा आजा जाऊन दोन वर्षं झाली होती. धान्याच्या खोलीची किल्ली जावेकडं. मी दळण काढायला गेले की कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं, बोलायचं काही नाही. तुला सांगते, उपाशी ठेवलं असतं तर परवडलं असतं. मी पसाभर जास्त घेतेय का, माहेरी काही जातंय का, हे त्या बघण्यात असायचं. मी चोरपावलानं चालायला लागले. भांडं वाजलं की दचकायला लागले. काही न करता चोरासारखी दिसायला लागले.

अपेक्षानं काल सरांचं सांगितलं. हा इंग्रजी शब्द दोन्हीकडं चालतो. जो संशयानं बघतो त्यालाही हाच, आणि ज्याचं वागणं बघून संशय यावा त्यालाही हाच. सरांना विचार म्हटलं, एकाच बाईला एकाच दिवशी दोन्हीकडून लावता येतो का. सर म्हणाले, वाक्य करून दाखवा. सरांचं वय कमी आहे.

भावजींनी ओट्यांचं विचारलं, तेव्हा मला वाटलं, आता मी दिले म्हणाले तर झालं. विधवा बाई एकत्र घरातलं बाहेर वाटते, हे नाव पडलं की भागवतच्या वाट्याला माळरान. माझ्या अंगावर पडलेलं ते बघणं मी उचललं आणि तुझ्या अंगावर टाकलं. हलकं वाटलं गं, सरजा. थोडंसं का होईना, हलकं वाटलं, हे सांगायची लाज वाटते म्हणून सांगते.

आणि तू बोलली नाहीस. ‘कडूबाईनं दिले’ हे दोन शब्द तुझ्या तोंडात होते. मला वाचवायला तू चोर झालीस. हे उपकार मी रोज आठवते.

आता तरी ये. पूर्णेवरून चुडाव्याला गाडी आहे, अपेक्षा स्टेशनावर येईल.

४ सप्टेंबर

सरजाबाईस रामराम.

तुझा निरोप पोचला. “मला कशाला सांगायली? मला ठाऊकच हाय की.”

संघप्रियानं एवढंच पाठवलं, आणि मी आठवडाभर त्याच्याभोवती फिरत होते. खरं आहे. ज्या एका बाईला सगळं ठाऊक, तिलाच मी तीन पत्रं पाठवली. ज्यांना ठाऊक नाही ते इथंच, शंभर पावलांवर. त्यांना सांगायला टपाल लागत नाही.

सोमवारी भावजींच्या रानात दुसरी तोडणी होती. वाटण्या कधीच झाल्या, भागवतला माळरान आलं नाही, नदीकडचं आलं. तरी तोडणीला मी जाऊन बसते. भावजी आता बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत असतात. पाय सुजलेत. काठी आणि तोंड तेवढं चालतं.

दिवस मावळायला आला. बायका बादल्या रिकाम्या करायल्या. मी उठले. उठायलाच इतका वेळ लागला की सगळ्यांना वाटलं, मी काहीतरी मोठं बोलणार. मोठं काही जमलं नाही. म्हटलं, सतरा वर्षांखाली इथं सरजाच्या ओटीतून जे मूग पडले, ते मी दिलेले होते. तिच्या सुनेसाठी. ती नको म्हणत होती. झाड म्हणणारीही मीच.

नव्या पोरींना सरजा कोण तेच ठाऊक नव्हतं. सुलाबाई तेवढी खाली बसली. तिचे दात पडलेत, पण जीभ आहे. म्हणाली, “मंग इतकी वर्सं आमी तिला जे म्हनलो, ते आता ठिवायचं कुठं?”



मग भावजी बोलले. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं होतं.

“वैनी, मला ठाऊक व्हतं,” म्हणाले. “सकाळी मी आडावर व्हतो. तुमी फडकं बांधताना बघितलं मी.”

मी म्हटलं, “मग भावजी, बांधावर इचारलं कशाला?”

“तुमी बोलताव का, ते बघायचं व्हतं.”

एवढं म्हणून त्यांनी पायावरची माशी हाकलली.

सरजा, मी समजत होते तो माणूस तुझ्याकडं बघतोय. तो माझ्याकडं बघत होता. तुझी ओटी मधे आली, एवढंच. म्हटलं, मग मी झाड म्हणाले तेव्हा तरी तुम्ही बोलायचं. म्हणाले, तुम्ही बोलला नाहीत, मी कसा बोलू, घरची बाई खोटी पडली असती. म्हणजे घरची अब्रू राहिली. तुझी गेली ती गावची, तिला मालक नाही.

घरी आले. जेवले. झोपही लागली. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ऊर फुटून रडू येईल. काही आलं नाही. गुडघा तेवढा ठणकत होता, तोच, चांगला.

गावानं तुझं नाव टाकलं होतं, ते परत घेतलं आहे, एवढं कळवते. कुणी वाजतगाजत घेतलं नाही. परवा पिठाच्या गिरणीत दोघी-तिघी बोलत होत्या, मी आले तरी थांबल्या नाहीत. त्यावरून समजले. मी येऊ का तिकडं? तुझ्या दारात बसेन, आत घेतलं नाहीस तरी चालेल. गाडी सकाळची आहे, म्हणे. अपेक्षानं वेळ बघून ठेवली आहे.

१६ सप्टेंबर

सरजाबाईस रामराम.

तुझं पत्र आलं. सतरा वर्षांतलं पहिलं. अपेक्षानं वाचलं, मी म्हटलं पुन्हा वाच. ते जसं आलं तसं मी इथं परत लिहायला लावते. तूच म्हणालीस का दुसऱ्या कुणी घातलं, हे तुला कळावं.

“कडूबाई, दिनकरराव आडावर व्हता ते मी बी बघितलं व्हतं. मी तुला वाचवायला गप बसले न्हाई. उपकार-बिपकार काय केले न्हाईत, ते काढून टाक. मला ठाऊक व्हतं त्याला समदं ठाऊक हाय. मंग मी कशाला बोलू? मी तुझ्या तोंडाकडं बघत बसले. आता बोलंल, मंग बोलंल. गाठ सोडताना लय हळू सोडली मी. फडक्याला चार घड्या कोन घालतं गं? मी येळ काढायले व्हते. सुलाबाईला म्हनावं, ठिवायला जागा न्हाई तर आपल्याच घरी ठिव, मोठा वाडा हाय तुजा. तू येऊ नको. मी बी येत न्हाई. पत्र टाकत जा.”

बरं.

मला वाटत होतं, माझ्या पाठीशी कुणीतरी उभं होतं. तू पाठीशी नव्हतीस, समोर होतीस, आणि वाट बघत होतीस. चार घड्यांएवढा वेळ तू मला दिलास. मला तो पुरला नाही. सतरा वर्षं लागली, आणि तीही एका पोरीच्या अभ्यासामुळं.

येऊ नको म्हणालीस, येत नाही. गाडीची वेळ भिंतीवर खडूनं लिहिली होती, ती अपेक्षानं पुसली. मी पुस म्हटलं नव्हतं. तिनं बघितलं मी तिकडं बघते, आणि पुसली.

एक कबूल करायचं राहिलं. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी शेवटच्या ओळीवर अडून होते. ‘पत्र टाकत जा.’ वरचं सगळं तुझं आहे, त्यात मला शंका नाही, इतकं टोचणारं दुसरं कुणी बोलत नाही. पण ही ओळ? मी अपेक्षाला विचारलं, ही सरजाच म्हणाली असेल, का संघप्रियानं म्हातारीची दया येऊन आपल्या पदरचं घातलं? पोरी चांगल्या असतात, चांगल्या पोरी असलं करतात. मग वाटलं, का ही आमचीच पोरगी नसलेलं वाचायली? कागद हातात धरला, उलटा केला, उजेडात नेला. मला काय दिसणार? शेवटची ओळ बाकीच्यांसारखीच काळी होती.

अपेक्षा म्हणाली, “आज्जी, तू आता ह्याच्याकडं बी तसंच बघायलीस.”

खरं होतं.

तिला विचार म्हणाले असते, तर तिनं संघप्रियाला मोबाईलवर विचारलं असतं, मिनिटात उत्तर आलं असतं. मग त्या उत्तराचंही मी तेच केलं असतं. आपल्या दोघींना अक्षर येत नाही, सरजा. तू बोलतेस ते एका पोरीच्या हातानं येतं, माझ्याकडं पोचतं ते दुसऱ्या पोरीच्या तोंडानं. मधे कुणीही काहीही करू शकतं. ते खरं धरायचं, नाहीतर गप्प मरायचं.

धरलं.

तर ऐक. काल सुनेनं तुझ्या पद्धतीनं मुगाचं वरण केलं, लसूण ठेचून, वरून तेलाची फोडणी. मीठ विसरली. भागवत काही न बोलता जेवला, मी बोलले. शेळीला दोन पिल्लं झाली आहेत, दोन्ही पाटी, एक काळी आहे आणि एक कशीतरीच. सुलाबाई रोज संध्याकाळी येऊन बसते आणि तुझं पत्र आलं का विचारते. मी म्हणते, आलं तर तुला कशाला सांगू. ती उठत नाही. मला वाटतं, तिला स्वतःला काहीतरी लिहून हवं आहे, अपेक्षाला कसं म्हणावं हे कळत नाही.

विचारल्याशिवाय मी तिला सुचवणार नाही. बघू किती दिवस लावते.

कडूबाई